आमच्या भाऊजींचं संशोधन

गुलाबराव मेश्राम हे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी. भाऊजींची टिंगल करायचा साळीला हक्कच असतो, तेव्हा मी पुढे जे सांगणार आहे ते कुणाला चहाडी वाटली तर खुशाल वाटू दे. हा माणूस फार सरळ आहे असं जबलपुरातल्या आमच्या चेरीताल वस्तीतलं कुणीही सांगेल. पूर्वी मीही सांगत असे. आता सांगत नाही.

भाऊजी फॅक्टरीत तपासनीस होते. जबलपुरात आमच्या लोकांत फॅक्टरी म्हटलं की कुठली हे कुणी विचारत नाही, निम्म्या घरांच्या चुली तिच्यावरच पेटल्या. तयार माल पेट्यांतून समोर आला की त्यातले थोडे नग उचलायचे, मोजायचे, ठोकायचे, तोडून पाहायचे, आणि ठरल्यापेक्षा जास्त खराब निघाले तर अख्खा लॉट परत. बाकीचे नग कसे का असेनात. हे काम त्यांनी नोकरीभर इमानदारीनं केलं. साहेब लोकांनी डोळे वटारले तरी खराब मालावर सही केली नाही. तोफगोळ्याच्या बाबतीत हे योग्यच आहे, त्यात मी दोष काढणार नाही.

पण संध्याकाळी भोंगा वाजला की बाकीचे लोक फॅक्टरी तिथेच ठेवून यायचे, आणि भाऊजी ती सायकलच्या कॅरिअरला लावून महाराजपुरात घरी आणायचे. काडेपेटी आणली की पहिल्या दोनतीन काड्या ओढून बघणार, आणि पेटल्या नाहीत तर पेटी नालीत. एकदा बरगी धरणाकडची मासळी शिळी निघाली, तेव्हापासून त्या घरात बरगीचं काही शिजलं नाही. थोरल्या नेहाला बरगीकडचंच एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा शाळामास्तर, शांत, हसरा. चहाच्या वेळी मुलाचे काका थोडी पिऊन आलेले दिसले. पाहुणे गेल्यावर भाऊजी म्हणाले, "लॉट परत." पोरगी आत रडत होती आणि हे बाहेर अंगणात पाणी शिंपत होते. पुढे नेहाला गोंदियात दिली, तिचं बरं चाललंय, पण तो मास्तर मला अजून आठवतो.

आता आमच्या लोकांविषयीही थोडं बोलायला हवं, नाहीतर सगळं खापर एकट्या भाऊजींवर फुटेल. आम्ही नवस करत नाही, गंडेदोरे बांधत नाही, मुहूर्त बघत नाही. कुणी काही सांगितलं की पहिला प्रश्न, पुरावा काय? ही आमची कमाई आहे, आमच्या आजा-पणजांनी फार सोसून ती आमच्या पदरात टाकली. पण हल्ली मोबाइलवर 'संशोधनात सिद्ध झालं आहे' एवढं दिसलं की याच लोकांच्या माना डोलायला लागतात. अंगाऱ्याच्या पुडीवर कुणी 'संशोधन' असं छापून आणलं तर आमच्या विहारात ती हातोहात संपेल, आणि वर आभारप्रदर्शनही होईल.

भाऊजींचं धाकटं लेकरू म्हणजे भावना. जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा समजून नाव ठेवलं. ते नाव तिनं टाकलं, म्हणून मीही ते इथं लिहीत नाही. नागपुरात शिकून नोकरीला लागल्यावर एका धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती घरी आली आणि आईबापांना समोर बसवून म्हणाली, मी मुलगी आहे, कळायला लागल्यापासून आहे, आणि आता मुलगी म्हणूनच राहणार. कलाताई, माझी बहीण, खूप रडली. मग डोळे पुसून उठली आणि तिला जेवायला वाढलं. भाऊजी रडले नाहीत, ओरडले नाहीत, हातही उचलला नाही. ते म्हणाले, "पुरावा काय?"

"बाबा, मी सांगून राहिली ना."

"तू सांगून राहिली तो दावा झाला. दाव्याले पुरावा लागते."

कुठल्या बापाला असं बोलणं सुचेल? एखादा बाप शिव्या देईल, एखादा छाती पिटेल, एखादा मुलीला मिठी मारेल. आमच्या भाऊजींनी तपासणी लावली. भावना संध्याकाळच्या गाडीनं परत गेली, आणि त्यानंतर काही वर्षं त्या घरात तिनं पाऊल ठेवलं नाही.

मग सुरू झाला भाऊजींचा अभ्यास. त्यांना मसाला पुरवणारे गृहस्थ म्हणजे चंद्रशेखर वासनिक, बँकेतून निवृत्त झालेले, चेरीतालच्या आमच्या विहार समितीचे सचिव. यांना रोज सकाळी कुठून तरी एक संशोधन येतं, आणि ते दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर असतं. हळदीचं येतं, झोपेचं येतं, आणि हल्ली ट्रान्सजेंडर लोकांचंच जास्त येतं. भाऊजी त्यातलं आपल्याला हवं ते उचलायचे, छापून आणायचे आणि पट्टी ठेवून लाल पेनानं रेघा ओढायचे. ताई सांगायची की त्या रेघा कधी दुसऱ्या पानावर गेल्या नाहीत. मी एकदा विचारलं, "भाऊजी, काय सापडलं?" तर म्हणाले, "मत विभागलेलं आहे." लेक नागपुरात एकटी तापानं फणफणत होती त्या आठवड्यात, आणि यांचं मत विभागलेलं होतं.

दोनेक वर्षांनी भावना जबलपुरात परत आली. एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम मिळालं. चेरीतालमध्ये विहाराच्या मागे तिनं खोली घेतली. ताई डबा घेऊन तिच्याकडे जायची, भाऊजींना सांगून जायची, आणि भाऊजी ऐकलंच नाही असं दाखवायचे.

आमच्या विहारात एक जुनं दुखणं होतं. आमची नातवंडं मराठी समजतात, बोलत नाहीत. आजी विचारते, "काय खाऊन राहिला रे?" आणि नातू सांगतो, "कुछ नहीं, दादी." समितीनं मराठीचा वर्ग बऱ्याचदा काढला आणि बऱ्याचदा बंद पडला, कारण शिकवणारा दरवेळी व्याकरणानं सुरुवात करायचा. भावनानं वर्ग घेतला तो भांडणानं. एक पोरगी भाजीवाली, एक गिऱ्हाईक, चलो, भांडा, पण मराठीत. हिंदी शब्द तोंडातून निघाला की समोरचा जिंकला. दर रविवारी विहारात असा काही कल्ला व्हायचा की शेजारचे दुकानदार बघायला यायचे. पावसाळा संपायच्या आत आमची पोरं आपल्या आज्यांशी मराठीत हुज्जत घालायला लागली. मी स्वतः त्या वर्गात जाऊन बसायची, पोट दुखेपर्यंत हसायची. भावना इतकी खुशीत मी लहानपणापासून कधी पाहिली नव्हती. तिच्यासाठी तो रविवार म्हणजे आपल्या माणसांत परत येण्याची एकमेव वाट होती, आणि हे तिनं मला अगदी सरळ सांगितलं होतं. "मावशी, वर्ग आहे म्हणून मी इथं आहे. नाहीतर जबलपूरमध्ये माहं कोण आहे?"

हेच चंद्रशेखरांच्या डोळ्यात खुपलं. त्यांची स्वतःची नात त्याच वर्गात होती आणि आजोबांना 'खोटं कशाला बोलता' असं मराठीत म्हणायला शिकली होती. समितीच्या बैठकीत त्यांनी मुद्दा काढला. व्यक्तिशः काही नाही म्हणे, पण बालमनावर परिणाम होतो असं संशोधन आहे. लगेच दुसरे गृहस्थ उठले, आलोक रामटेके, कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, असं संशोधन नाही, उलट संशोधन आहे. आता खरं तर कुणीतरी म्हणायला हवं होतं की वर्गातली पोरं समोर खेळत आहेत, बोलवा आणि विचारा. पण आम्ही विवेकवादी पडलो. ठरलं की परिसंवाद घ्यायचा. फलक लागला, 'तृतीयपंथीयत्व आणि बालमन : संशोधन काय सांगते?' भावना हा शब्द स्वतःला लावत नाही. ती म्हणते, मी बाई आहे, ट्रान्स बाई आहे. पण फलकाच्या विषयाला कोण विचारतं?

आणि अध्यक्ष कोण? गुलाबराव मेश्राम. म्हणे यांच्याइतका निःपक्षपाती माणूस समाजात नाही, तोलूनमापून निकाल देतील. पोरीचा वर्ग राहणार की जाणार याचा निवाडा तिच्या बापाकडे, आणि तेही बापानं तिला नाकारलंय म्हणून तो निःपक्षपाती! ही अक्कल आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचली नसती. भाऊजींनी होकार दिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. ताई मला म्हणाली, "ह्यायले नाही म्हणता आलं असतं, शैला. एकदा नाही म्हटलं असतं तरी मी समजली असती."

परिसंवादाला हॉल भरला होता. खुर्च्या, निळे झेंडे, प्रोजेक्टर, समोशाची व्यवस्था, सगळं काही होतं. भावनाला बोलायला बोलावलं नव्हतं, ती 'संबंधित व्यक्ती' म्हणून. ती शेवटच्या रांगेत ताईजवळ येऊन बसली. साधी हिरवी साडी नेसली होती, आणि हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

चंद्रशेखरांनी आधी सगळ्यांना झेरॉक्स वाटल्या. कुठल्याशा थंड देशातल्या दवाखान्यात आलेल्या मुलांचा अभ्यास होता. त्यातली टक्केवारी त्यांनी अशी वाचली जशी काही आमच्या चेरीतालची खानेसुमारी आहे. मग म्हणाले, "मैं कुछ नहीं कह रहा, संशोधन कह रहा है." टाळ्या पडल्या. मग आलोक उठले. त्यांनी प्रोजेक्टर लावला, आणि ते तर त्याहून लांबलं. 'हा समुदाय', 'या घटकाची मानसिकता', 'डेटा असं सुचवतो'. माणूस भावनाच्या बाजूनं बोलत होता, पण पूर्ण भाषणात एकदाही त्यानं तिचं नाव घेतलं नाही, मागे वळून तिच्याकडे पाहिलं नाही. चंद्रशेखर तिला रोग ठरवत होते, हे तिला आकडा ठरवत होते. मला दोघांचाही सारखाच संताप आला.

मी रेल्वेच्या ऑफिसात आयुष्य काढलं, समोरचा कागद आणि हातातला कागद ताडून पाहायची सवय लागलेली. पडद्यावर आलोकांनी जे पान लावलं होतं ते मला ओळखीचं वाटलं. मी हातातली झेरॉक्स उलटली. तेच नाव, तोच देश, तेच लेखक.

मी उभी राहिले. म्हटलं, "माफ करा, पण दोघांचा कागद एकच आहे."

हॉलमध्ये खसखस पिकली. चंद्रशेखर म्हणाले, "मी पहिलं पान वाचलं." आलोक म्हणाले, "निष्कर्ष शेवटी असतो, मी शेवट वाचला." मधली पानं दोघांनीही वाचली नव्हती. मीही वाचली नव्हती, पण मी कुणाचा वर्ग बंद करायला निघाले नव्हते. आणि जेवढं समोर होतं तेवढ्यात एवढं तर आंधळ्यालाही दिसलं असतं की तो अभ्यास दवाखान्यात आलेल्या लेकरांचा होता. मोठ्या बाईनं मराठी शिकवावी की नाही, याविषयी त्यात चकार शब्द नव्हता. मी ते बोललेही. चंद्रशेखर म्हणाले, "तांत्रिक मुद्दा आहे."

मग अध्यक्ष उठले. मला अजूनही वाटत होतं, आता तरी हा माणूस शुद्धीवर येईल. भाऊजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दोन्ही बाजू ऐकल्या. शंका आहे. शंका असेपर्यंत माल पुढे जाऊ देता येत नाही. म्हणून संशोधन स्पष्ट होईपर्यंत वर्ग स्थगित ठेवावा असं माझं मत आहे."

माल! पोरीच्या देखत!

माझा ताबा सुटला. "भाऊजी, फॅक्टरीत तुम्ही पेटी न उघडता कधी शेरा मारला?"

"कधीच नाही."

"मग या वर्गात किती वेळा येऊन बसले?"

"शैला, इन्स्पेक्टरनं आपल्या घरचा माल तपासू नये. नियम आहे."

"मंग अध्यक्ष काहून झाले?"

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. पिऊन झाल्यावर परत उचलला. तेवढ्यात हात वर झाले, ठराव झाला. निम्मे हात असे होते की शेजारच्याचा वर गेला म्हणून गेले. आलोकांनी विरोधात हात वर केला, आणि नंतर समोसा खाताना चंद्रशेखरांना म्हणाले की चर्चा फार निकोप झाली.

भावना उभी राहिली. तिनं एवढंच विचारलं, "पुढच्या रविवारी पोरांना कोण शिकवणार?"

"व्यवस्था होईल," चंद्रशेखर म्हणाले.

व्यवस्था झाली. पुढच्या रविवारी चंद्रशेखर स्वतः वर्गावर उभे राहिले आणि मातृभाषेचं महत्त्व या विषयावर त्यांनी पोरांना भाषण दिलं. हिंदीत. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांची स्वतःची नातही आली नाही.

इकडे भावनानं नागपूरच्या एका लॅबला अर्ज करायचं ठरवलं होतं. मला सांगताना ती रडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मी ताईला सांगितलं. ताईनं आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नाही, परिसंवाद संपल्यावरही ती चहाच वाटत होती. तिनं दोन दिवसांत सगळ्या पोरांच्या आयांना फोन केले. रविवारी वर्ग महाराजपुरात, मेश्रामांच्या व्हरांड्यात.

भाऊजी म्हणाले, "माझ्या घरात?"

"तुमच्या घरात काहून? माह्या व्हरांड्यात," ताई म्हणाली. "तुम्ही आत बसून संशोधन करा."

आणि भावना आली. त्या धम्मचक्र दिनानंतर पहिल्यांदा. फाटकाशी थोडी थांबली, मग आत आली. आम्ही सतरंजी अंथरली, पोरं बसली, भांडण सुरू झालं. रिक्षावाला आणि सवारी. कल्ला महाराजपूरभर ऐकू गेला. तिनं नागपूरचा अर्ज केला नाही.

भाऊजींनी मात्र आपला मार्ग शोधला. रविवारी भावना यायच्या आधी ते स्कूटर काढून चेरीतालला जायचे. तिथं चंद्रशेखरांबरोबर परिसंवादाच्या दुसऱ्या सत्राची तयारी चालायची. पोरगी आपल्या घराच्या व्हरांड्यात हसतेय, आणि हा माणूस तिच्याविषयी वाचायला घराबाहेर जातोय. यापेक्षा जास्त वेडेपणा मी पाहिला नाही, आणि याला लोक अभ्यासू म्हणतात.

परवाच्या रविवारी चंद्रशेखर कुठल्याशा लग्नाला गेले होते, म्हणून भाऊजी लवकर परतले. वर्ग ऐन रंगात होता. ते फाटकाशी स्कूटर लावत होते तेवढ्यात एक नवीन बाई पोरीचा हात धरून आली. हिंदीभाषकच असावी, पण मुलीला मराठी शिकवायची हौस. तिनं व्हरांड्याकडे बघून भाऊजींना विचारलं, "भैया, भावना दीदी का घर यही है ना? बहुत तारीफ़ सुनी है. आपकी कौन लगती हैं?"

मी आणि ताई दारातच होतो, सरबताचे ग्लास घेऊन. व्हरांड्यात भावना पाठमोरी होती, पण तिची मान थांबलेली मला दिसली.

किती सोपा प्रश्न होता. जबलपुरात रोज शंभर ठिकाणी विचारला जातो. त्याला ना संशोधन लागत होतं, ना प्रोजेक्टर. भाऊजींनी स्कूटरच्या किल्लीकडे पाहिलं, व्हरांड्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कोई नहीं. यहाँ क्लास लेती हैं."

त्या माणसाची मला कीव आली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण आली नाही. नुसती शिसारी आली.

ताई पायऱ्या उतरून फाटकापाशी गेली. तिनं त्या पोरीच्या हातात सरबताचा ग्लास दिला, तिच्या आईकडे बघून हसली, आणि शांतपणे म्हणाली, "मेरी बेटी है. आइए, अंदर आइए. और ये कौन हैं, ये अभी साबित होना बाकी है."

बाईला तो विनोद वाटला, ती मोकळेपणानं हसली आणि आत गेली. भावना वळली नाही, तिनं फक्त पोरांना म्हटलं, "हं, चलो, कुठं होतो आपण? सवारी म्हणते पैसे जास्त सांगून राहिला." पोरं पुन्हा भांडायला लागली. भाऊजी फाटकाबाहेरच उभे होते, आणि त्यांना आत या म्हणायला कुणीही गेलं नाही.